कॅम्पसमधलं गवत वेळेवर कापलं नाही तर? गडचिरोली-चंद्रपुरात हा शोभेचा प्रश्न नाही

पुण्या-मुंबईच्या कॉलेजात लॉनवर मशीन फिरवणारा माणूस दिसला की आपल्याला वाटतं, बाग छान दिसावी म्हणून चाललंय. गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांत आवारातलं गवत गुडघ्याच्या वर गेलं, की तो थेट जिवाचा प्रश्न होतो. तो सोडवायची जबाबदारी असते मेंटेनन्सच्या मेकॅनिकवर.

आधी जागा समजून घेऊ. गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगल आहे. चंद्रपुरात ताडोबा आहे. या दोन जिल्ह्यांसाठी २७ सप्टेंबर २०११ रोजी गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालं. त्याआधी इथली कॉलेजं नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. सिरोंचा, एटापल्ली, सिंदेवाही, मूल अशा तालुक्यांत आवाराची भिंत संपते तिथे कुठे शेत असतं, कुठे नाला, तर कुठे झुडपी जंगल. ‘झुडपी जंगल’ हा पूर्व विदर्भात महसुली नोंदीतला शब्द आहे, आणि मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने या जमिनी वनजमिनीच मानल्या. म्हणजे पलीकडची झुडपं मनाला येईल तशी साफ करता येत नाहीत. मेकॅनिकचं राज्य भिंतीच्या आत.

हा मेकॅनिक नेमकं करतो काय?

कागदावर तो बहुतेकदा आयटीआय केलेला वायरमन, इलेक्ट्रिशियन, प्लंबर किंवा फिटर असतो. प्रत्यक्षात सगळंच करतो. बोअरची मोटर, जनरेटर, टाकीचा बॉलकॉक, होस्टेलचे पंखे, तुंबलेलं गटार, रस्त्यावरचे दिवे आणि गवत कापायचं मशीन. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, बोअरचं पाणी खाली जातं आणि मोटर कोरडी चालून वाइंडिंग जळतं. त्यात व्होल्टेज कमी मिळालं तर मोटर जास्त करंट ओढते आणि आणखी लवकर जाते. होस्टेलला पाणी नाही म्हटल्यावर फोन कुणाला येतो, हे सांगायला नको.

पण जंगलाच्या काठावर या कामांचा अर्थ बदलतो. मेसमागचं खरकटं दोन दिवस उचललं नाही, तर कुत्री आणि डुकरं जमतात. बिबट्याला कुत्रं हे सोपं भक्ष्य, तो त्यांच्यामागे येतो. पाइप गळून ओल राहिली की बेडूक येतात, धान्याच्या खोलीत उंदीर वाढतात आणि दोघांच्या मागे साप येतो. होस्टेलच्या वाटेवरचा दिवा गेला, तर मण्यारीवर पाय पडू शकतो. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश अनेकदा दुखतही नाही, त्यामुळे माणूस दवाखान्यात उशिरा पोहोचतो. म्हणून प्राचार्यांच्या केबिनचा एसी आणि होस्टेलच्या वाटेवरचा बल्ब एकाच दिवशी बिघडले, तर आधी बल्ब बदलायला हवा. प्रत्यक्षात उलटं होतं, कारण केबिनमधला आवाज मोठा असतो.

२०२२ मध्ये चंद्रपुरात काय झालं?

चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचं. त्याच्या अवाढव्य आवारात झुडपं माजलेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये या आवारात वाघाच्या हल्ल्यात एक कामगार गेला आणि लगेचच शेजारच्या दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाचा बळी घेतला. त्यानंतर झुडपं काढायची मागणी जोरात पुढे आली. तोवर झुडपं म्हणजे ‘ग्रीनरी’ होती! वीज केंद्र म्हणजे विद्यापीठ नव्हे, पण मोकळी जागा, रात्रीची ये-जा, जंगलाला लागून कुंपण हे सगळं कॅम्पससारखंच.

मग कापून टाका की गवत, अडचण काय?

अडचण कापणाऱ्याची आहे. विळ्याने कापायचं तर खाली वाकून किंवा उकिडवं बसावं लागतं. या भागात तेंदूपाने किंवा मोहफुलं वेचताना वाकलेल्या माणसांवर वाघाचे हल्ले झालेत, ते याच स्थितीत. खांद्याला अडकवायच्या ब्रश कटरने माणूस उभा राहून कापतो, पण इंजिनच्या आवाजात त्याला दुसरं काहीच ऐकू येत नाही. कानाला मफ लावला तर अजिबात नाही, आणि न लावला तर काही वर्षांत कान जातात. यावर साधा उपाय म्हणजे दुसरा माणूस. त्याने मशीनपासून लांब, उघड्यावर उभं राहून फक्त बघत राहायचं. कंत्राटदाराला हा दुसरा माणूस म्हणजे फुकटचा पगार वाटतो.

बाकी गोष्टीही साध्याच आहेत. गुडघ्यापर्यंत गमबूट हवेत, कारण घोणस गवतात पडून राहते. आधी काठीने गवत हलवायचं, मग मशीन. सुरुवात इमारतीपासून करून बाहेर सरकायचं, म्हणजे जनावराला पळायला जंगलाची बाजू मोकळी राहते. उलटं केलंत तर ते होस्टेलकडे हाकललं जातं. पहाटे आणि संध्याकाळी काम नको. पण मे महिन्यात ऊन टाळायला नेमकं पहाटेच काम लावतात.

दुर्घटना झाली तर पैसे कोण देणार?

वाघ-बिबट्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला, तर राज्य सरकार वारसांना २५ लाख रुपये देतं. पण वन्यप्राण्यांच्या या यादीत साप नाही, आणि गवत कापणाऱ्याला रोजची भीती सापाचीच. तिथे वेगळा आधार आहे. कामावर असताना, कामामुळे अपघात झाला तर भरपाई मालकाने द्यायची, हे तत्त्व १९२३ च्या कायद्यापासून आहे. माणूस कंत्राटी असेल आणि कंत्राटदाराने मजुरी दिली नाही, तर ती मूळ संस्थेने द्यायची, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात आलं. पण हे हक्क मागायचे तर तो माणूस त्या दिवशी कामावर होता, हे दाखवावं लागतं. त्यासाठी हजेरीपटावर नाव हवं. रोजंदारीवर, तोंडी बोलावलेल्या माणसाचं ते अनेकदा नसतं. तुम्ही अशा कामावर असाल तर रोजच्या हजेरीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. साप चावलाच तर तो भाग हलवू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे थांबू नका. १०८ ला फोन करा आणि सापविरोधी लस असलेल्या रुग्णालयात जा.

गवताचं मुख्य काम पावसाळ्यात, पण दुसरी फेरी जानेवारीत लागते. फेब्रुवारीच्या मध्यापासून वणव्याचा हंगाम सुरू होतो, आणि भिंतीलगतचं वाळलेलं गवत तेव्हा राहिलं तर आगीला आत यायची वाट तयारच असते. ती पट्टी कापून, झाडून मोकळी करायची. गवत जागेवर पेटवून द्यायचं नाही, कारण ठिणगी भिंत ओलांडून जाते.