ब्रेक सोडणाऱ्या झडपा

पहिल्या पावसात रस्त्यावरची धूळ आणि सांडलेले तेल पाण्यात मिसळते आणि निसरडा थर तयार होतो. अशा रस्त्यावर समोर अचानक कोणी आले आणि कारचालकाने पूर्ण ताकदीने ब्रेक दाबला, तर पायाखालचे पेडल थरथरू लागते. बॉनेटखालून खडखड आवाज येतो. ब्रेक बिघडला की काय, या भीतीने अनेक जण पाय उचलतात. नेमके तेच करायचे नसते. ती थरथर बिघाडाची नसते. ‘एबीएस’ म्हणजे अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टीम कामाला लागल्याची ती खूण असते.

एबीएस म्हणजे काय, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर असते, ‘त्याने ब्रेक लवकर लागतो.’ प्रत्यक्षात या यंत्रणेचे मुख्य काम ब्रेक वेळेवर सोडण्याचे आहे. चालकाचा पाय पेडलवर घट्ट असतानाही ती एखाद्या चाकाचा ब्रेक क्षणभर ढिला करते, पुन्हा लावते, पुन्हा ढिला करते. हे काम करतात त्या विजेवर चालणाऱ्या छोट्या झडपा, म्हणजेच व्हॉल्व्ह.

चाक जाम झाले की काय होते?

ब्रेक गाडीला थांबवतो असे आपण म्हणतो. खरे तर ब्रेक फक्त चाकाला थांबवतो. गाडीला थांबवते ते टायर आणि रस्ता यांच्यातले घर्षण. चाकाचा वेग गाडीच्या वेगापेक्षा साधारण १० ते ३० टक्क्यांनी कमी असतो, तेव्हा पक्क्या रस्त्यावर ही पकड सर्वांत चांगली असते. ब्रेक त्याहून जोरात लागला तर चाक फिरायचे थांबते आणि टायर रस्त्यावरून नुसता घासत जातो. पकड कमी होतेच, शिवाय एक मोठा धोका उभा राहतो. जाम झालेली पुढची चाके स्टिअरिंग कितीही फिरवले तरी गाडीला वळवू शकत नाहीत. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापते. एवढ्या वेगात एखादा सेकंद जरी गाडी चालकाच्या ताब्यात नसली, तरी तो जिवावर बेतू शकतो.

जुने चालक यावर एक युक्ती वापरत. निसरड्या रस्त्यावर ते ब्रेक एकदम न दाबता दाबत-सोडत गाडी थांबवत. युक्ती योग्य होती, पण माणसाचा पाय एक आणि चाके चार. एक चाक डबक्यात, दुसरे कोरड्या डांबरावर असले तरी पाय सगळ्यांना एकच हुकूम देतो. शिवाय घाबरलेला माणूस ब्रेक दाबतो तो दाबूनच धरतो.

दोन झडपांचा खेळ

बॉनेटखाली ओंजळीत मावेल असा धातूचा एक ठोकळा असतो. मास्टर सिलिंडरकडून येणारे ब्रेक ऑइल या ठोकळ्यातून चाकांकडे जाते. प्रत्येक चाकासाठी इथे दोन झडपा असतात. एक ऑइल आत सोडणारी, दुसरी बाहेर काढणारी. चार चाकांच्या मिळून आठ. सोबत एक छोटा पंप, त्याची मोटर आणि झडपांना आज्ञा देणारा संगणक.

एरवी आत सोडणारी झडप उघडी आणि बाहेर काढणारी बंद असते. पायाचा दाब थेट चाकापर्यंत पोहोचतो, जणू मध्ये काही नाहीच. जोरात ब्रेक दाबल्यावर हा दाब १०० बारच्या घरात जाऊ शकतो. कारच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या तो सुमारे ४० पट आहे. प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर त्याचा वेग सतत संगणकाला कळवत असतो. एखादे चाक गाडीच्या मानाने फार झपाट्याने मंदावू लागले, की ते आता जाम होणार हे संगणक ओळखतो.

मग तो पहिल्या झडपेच्या कॉइलमध्ये वीज सोडतो. झडप बंद होते आणि चालकाने पाय आणखी दाबला तरी त्या चाकावरचा दाब वाढत नाही. एवढ्याने भागले नाही, तर दुसरी झडप उघडते. थोडे ऑइल बाहेर पडून एका छोट्या कप्प्यात जाते, ब्रेक सैल होतो आणि चाक पुन्हा फिरू लागते. चाकाने वेग पकडताच झडपा मूळ जागी येतात आणि दाब पुन्हा चढतो. हे चक्र सेकंदात अनेकदा घडते आणि प्रत्येक चाकासाठी स्वतंत्रपणे घडते. बाहेर काढलेले ऑइल पंप उलट मास्टर सिलिंडरकडे ढकलतो. त्याचेच धक्के पायाला थरथर म्हणून जाणवतात.

या रचनेत एक मोठा शहाणपणा आहे. वीज गेली, संगणक बंद पडला, तरी झडपा आपल्या मूळ स्थितीतच राहतात. म्हणजे साधा ब्रेक चालू राहतो. डॅशबोर्डवरचा पिवळा एबीएस दिवा गाडी सुरू केल्यावर काही क्षणांत विझायला हवा. तो पेटलेलाच राहिला, तर ब्रेक लागेल, पण चाक जाम होण्यापासून संरक्षण मिळणार नाही. ब्रेकचा लाल दिवा मात्र हँडब्रेक सोडल्यावरही विझला नाही, तर गाडी पुढे नेऊ नये.

विमानातून मोटारीत

ही कल्पना आधी विमानांत रुळली. धावपट्टीवर चाक जाम होऊन टायर फुटू नये म्हणून १९५० च्या दशकात विमानांना डनलॉप कंपनीची ‘मॅक्सारेट’ ही यांत्रिक प्रणाली बसवली जाऊ लागली. मोटारीसाठी मात्र चारही चाकांचा हिशेब क्षणार्धात करणारी भरवशाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हवी होती. ती बॉश आणि मर्सिडीज-बेंझ यांनी १९७८ मध्ये बाजारात आणली.

पुढे १९९५ मध्ये आलेल्या ‘ईएसपी’ या यंत्रणेने याच ठोकळ्यात आणखी चार झडपा घातल्या. त्यामुळे चालकाने पेडलला पाय न लावताही पंप हव्या त्या एकाच चाकावर दाब देऊ शकतो. वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाऊ लागला, तर वळणाच्या बाहेरच्या बाजूचे पुढचे चाक थोडे आवळून गाडी सरळ केली जाते. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका चाचणीत मर्सिडीजची छोटी ‘ए-क्लास’ अचानक वळवताना उलटली. त्यानंतर कंपनीने त्या गाडीत ईएसपी सरसकट बसवली.

भारतात १२५ सीसीहून मोठ्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले. दुचाकीचे पुढचे चाक जाम होणे म्हणजे बहुतेक वेळा पडणेच असते.

ऑइलकडे दुर्लक्ष नको

झडपांची चाळण फार बारीक आणि हालचाल अगदी थोडी असते. त्यांचे आरोग्य ब्रेक ऑइलवर अवलंबून आहे. नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते. ‘डॉट ३’ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १४० अंशांवर येते. लांब घाट उतरताना ब्रेक तापले की असे ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागते. शिवाय पाण्यामुळे आतले धातूचे भाग गंजू शकतात. म्हणून डबीत ऑइल पुरेसे दिसत असले, तरी गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत, साधारण दोन वर्षांनी, ते बदलावे. ठोकळ्यात हवा शिरली असेल, तर ती काढायला अनेक गाड्यांत स्कॅनर जोडून झडपा उघडाव्या लागतात. ती सोय असलेल्याच गॅरेजकडे जावे.

एबीएसलाही मर्यादा आहेत. खडी किंवा सुट्या मातीवर जाम झालेले चाक पुढे ढिगारा जमवून अडते, तिथे एबीएसमुळे थांबण्याचे अंतर उलट वाढू शकते. गुळगुळीत झालेल्या टायरला झडपा पकड देऊ शकत नाहीत आणि पुढच्या गाडीपासूनचे अंतरही राखू शकत नाहीत.

चालकाच्या वाट्याला उरते ते काम सोपे आहे, पण सवयीच्या विरुद्ध आहे. अशा गाडीत संकटाच्या क्षणी ब्रेक पूर्ण दाबावा, थरथर जाणवली तरी पाय उचलू नये, दाबत-सोडत बसू नये आणि नजर अडथळ्यावर न खिळवता मोकळ्या जागेकडे स्टिअरिंग वळवावे. एखाद्या रिकाम्या, सुरक्षित मैदानावर कमी वेगात हे एकदा करून पाहिले, तर पेडलची ती थरथर ओळखीची होते आणि ऐनवेळी पाय आपोआप उचलला जात नाही.