रायफल मध्येच का अडकते? आणि ती घरी बनवली तर काय होतं?

अमेरिकेत घरच्या घरी रायफल जोडणाऱ्यांचे व्हिडिओ आता उमरेडच्या मोबाइलवरही दिसतात. दोन गोळ्या सुटतात, तिसरीला रायफल अडकते. असं का होतं? आणि भारतात असा प्रयोग केला तर?

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे काय?

ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी सुटते, पण पुढची आपोआप भरली जाते. बऱ्याच रायफलींमध्ये हे काम स्फोटातून तयार झालेला वायू करतो. गोळी नळीतून पुढे जाताना थोडा वायू बाजूला वळतो आणि बोल्ट मागे ढकलतो. रिकामी पुंगळी बाहेर पडते. मग स्प्रिंग बोल्टला पुढे आणते आणि मॅगझिनमधलं नवं काडतूस नळीच्या तोंडाशी बसतं. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं.

मग अडकतं कुठे?

वायूचा जोर कमी पडला तर बोल्ट पूर्ण मागे जात नाही, पुंगळी आतच राहते. जोर जास्त झाला तर सुट्या भागांवर ताण येतो. स्प्रिंग, मॅगझिन, काडतूस, धूळ, थंडी यांपैकी काहीही साखळी तोडू शकतं.

कारखान्यातल्या रायफलीही यातून सुटलेल्या नाहीत. लष्कराच्या जुन्या एसएलआरमध्ये वायूचा जोर कमी-जास्त करायची सोय होती. पुण्याच्या 'एआरडीई' या संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या इन्सास रायफलीबद्दल 1999च्या कारगिल युद्धात तक्रारी आल्या. कडाक्याच्या थंडीत तिची प्लास्टिकची मॅगझिन तडकत होती आणि रायफल अडकत होती. पुढे लष्कराने तिच्या जागी सिग 716 आणि अमेठीजवळच्या कोरवा इथे बनणारी एके-203 घ्यायला सुरुवात केली.

घरी बनवली तर?

अमेरिकेच्या संघीय कायद्यात स्वतःच्या वापरासाठी बंदूक बनवायला बऱ्याच अंशी मुभा आहे. काही राज्यांचे नियम मात्र कडक आहेत. भारतात चित्र उलटं आहे. शस्त्र कायदा 1959च्या कलम 5नुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणं, विकणं हा गुन्हा आहेच, पण दुरुस्त करणं किंवा तिची चाचणी घेणं हाही गुन्हा आहे. 2019च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीला किमान 7 वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. जवळ बंदुकीचा परवाना असला तरी तो फक्त बाळगण्याचा असतो, बनवण्याचा नाही.

'रानडुकरांपासून पीक वाचवायला केली' ही सबबही चालत नाही. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्या शेतकऱ्यांचं नुकसान खरं आहे. त्यासाठी वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करता येतो. गावठी बंदुकीने शिकार केली तर शस्त्र कायद्यासोबत वन्यजीव संरक्षण कायदा 1972ही लागतो.

कायद्यापेक्षा मोठा धोका आणखी एक आहे. कारखान्यात प्रत्येक नळीची नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवून चाचणी होते. गावठी नळीची अशी चाचणी कुणी केलेली नसते. ती फुटलीच तर समोरच्याच्या नाही, चालवणाऱ्याच्या चेहऱ्याजवळ फुटते.