तेलाचा एक पातळ थर

मोटारगाडी रस्त्यावरून धावताना तिची चाके आपल्याला दिसतात, हॉर्न ऐकू येतो. पण बॉनेटखाली काय चालले आहे ते दिसत नाही. म्हणून पुष्कळ जण गाडीत पेट्रोल आहे ना, टायरमध्ये हवा आहे ना, एवढेच पाहतात. इंजिनातले तेल महिनोन् महिने कोणी तपासत नाही. ते हळूहळू कमी होते, काळेकुट्ट होते. तरीही रोज सकाळी किल्ली फिरवली की गाडी सुरू होते. मालक म्हणतो, "काय बिघडले? गाडी तर छान चालली आहे!"

खरोखरच, तेल कमी असतानाही इंजिन चालते कसे? आणि ते चालते आहे म्हणजे सारे ठीक आहे, असे समजावे का? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळवण्यासाठी आपण इंजिनाच्या आत डोकावून पाहू या.

इंजिनात सिलिंडर असतात. प्रत्येक सिलिंडरमध्ये एक पिस्टन वरखाली होत असतो. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण पेटले, की पिस्टन जोराने खाली ढकलला जातो. पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड क्रँकशाफ्ट नावाचा जाड दांडा फिरवतो आणि त्या फिरण्यातूनच शेवटी गाडीची चाके फिरतात. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वेगाने चालत असेल, तर क्रँकशाफ्ट एका सेकंदात ५० वेळा फिरतो. म्हणजे एका सेकंदात प्रत्येक पिस्टन ५० वेळा वर जातो आणि ५० वेळा खाली येतो! पेटलेल्या वायूचे तापमान तर क्षणभर २,००० अंश सेल्सिअसच्याही पुढे जाते.

आता आपले दोन्ही तळहात एकमेकांवर जोराने घासून पाहा. थोड्याच वेळात ते गरम होतात. मग लोखंडावर लोखंड इतक्या वेगाने घासले गेले तर काय होईल? धातू तापेल, फुगेल, खरवडला जाईल आणि शेवटी एक भाग दुसऱ्याला चिकटून बसेल. तसे होऊ नये, म्हणून दोन धातूंच्या मध्ये तेलाचा थर लागतो. घर्षण कमी करणाऱ्या अशा पदार्थाला आपण वंगण म्हणतो.

हा थर किती जाड असतो? माणसाच्या केसापेक्षाही पातळ! एवढा पातळ थर इतका मोठा भार कसा पेलतो, हे कोडे सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये सुटले. त्याची हकिकत मोठी गमतीची आहे.

तेव्हा रेल्वेच्या डब्यांच्या आसांचे बेअरिंग फार झिजत असे. बोशँप टॉवर नावाच्या इंजिनिअरने त्यावर प्रयोग सुरू केले. आसाचा खालचा भाग तेलात बुडालेला होता आणि वर पितळेचे बेअरिंग बसवलेले होते. वरून तेल सोडता यावे, म्हणून टॉवर यांनी बेअरिंगला मधोमध एक भोक पाडले. पण आस फिरू लागताच त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले. त्यांनी भोकात लाकडी खुंटी ठोकली. तेलाने ती खुंटीही बाहेर ढकलून दिली! मग त्यांनी तेथे दाब मोजण्याचे यंत्र लावले. दाब दर चौरस इंचास २०० पौंडांपेक्षाही जास्त भरला. मोटारीच्या टायरमध्ये हा दाब साधारण ३० पौंड असतो, हे लक्षात घेतले, म्हणजे या आकड्याचे महत्त्व कळेल.

टॉवर यांचा हा अहवाल १८८३ साली प्रसिद्ध झाला. त्यामागचे कारण ऑसबोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८६ साली गणिताने सिद्ध केले. फिरणारा आस आपल्याबरोबर तेल ओढत नेतो आणि ते अरुंद फटीत पाचरीसारखे ठोसतो. त्या पाचरीवर सगळा भार उचलला जातो. पावसाळ्यात भरधाव मोटारीचा टायर पाण्याच्या थरावर उचलला जाऊन घसरतो, तसेच काहीसे हे आहे. म्हणजे इंजिन नीट चालत असताना क्रँकशाफ्ट बेअरिंगला टेकतच नाही; तो तेलावर तरंगत फिरतो.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे वळू या. लहान मोटारीच्या इंजिनात साधारण ३ ते ४ लिटर तेल असते. हे तेल इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमध्ये साठते. ऑइल पंप ते तळातून ओढून घेतो आणि बारीक वाटांनी प्रत्येक बेअरिंगपर्यंत पोहोचवतो. काम करून तेल पुन्हा खाली चेंबरमध्ये गळते. पंपाची नळी तळाजवळ असल्यामुळे पातळी थोडी खाली गेली, तरी पंपाला तेल मिळत राहते. तेल मिळाले की थर तयार होतो आणि थर असला की इंजिन चालते.

याशिवाय आणखी दोन गोष्टी इंजिनाला सांभाळून घेतात. एक म्हणजे तेलात मिसळलेली रसायने. त्यांपैकी जस्ताचे एक संयुग तापलेल्या धातूवर स्वतःचे कवच तयार करते. क्षणभर तेलाचा थर तुटला, तरी ते कवच धातूला वाचवते. दुसरी गोष्ट म्हणजे बेअरिंगच्या आतील मऊ धातू. तेलातून आलेला बारीक कण या मऊ थरात रुतून बसतो आणि क्रँकशाफ्टवर ओरखडा पडत नाही. मऊ धातूच्या बेअरिंगची ही युक्ती आयझॅक बॅबिट या अमेरिकन कारागिराने १८३९ साली शोधली होती.

थोडक्यात, इंजिन बनवणाऱ्यांनी माणसाचा आळस आणि विसराळूपणा ओळखून थोडी शिल्लक ठेवलेली असते. निष्काळजी मालक या शिल्लकीवरच गाडी चालवत असतो. पण शिल्लक म्हणजे अखंड झरा नव्हे. ती रोज थोडी थोडी खर्च होते, आणि हा खर्च बाहेरून दिसत नाही.

तो कसा होतो ते पाहा. तेलाचे काम केवळ घर्षण कमी करण्याचे नाही. ते उष्णता वाहून नेते, काजळी आणि मळ धुऊन काढते, गंजापासून रक्षण करते आणि पिस्टनच्या रिंगांजवळची फट बंद ठेवते. चार लिटरांचे काम अडीच लिटरांवर पडले, की प्रत्येक थेंबाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. त्याला थंड व्हायला फुरसत मिळत नाही. जास्त तापलेले तेल लवकर खराब होते. त्यातील रसायने संपतात, मळ साठतो आणि शेवटी तेलाचा चिकट गाळ बनतो. हा गाळ तेलाच्या बारीक वाटा बंद करतो. इकडे झिजलेल्या रिंगांमधून तेल वर चढून जळते. सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागतो आणि तेल आणखी कमी होते. असे हे दुष्टचक्र चालू राहते. थेंबे थेंबे तळे साचे, असे आपण म्हणतो. येथे मात्र थेंबाथेंबाने तळे आटत जाते.

मग एखाद्या दिवशी ती गाडी माणसे आणि सामान भरून खंडाळ्याच्या घाटात शिरते. चढणीवर आणि वळणावर चेंबरमधले उरलेसुरले तेल एका बाजूला जाते. पंपाच्या नळीत तेलाऐवजी हवा शिरते. समोरचा लाल दिवा लुकलुकतो. चालक म्हणतो, "घाट संपल्यावर पाहू." पण बेअरिंगला तेवढा वेळ नसतो. तेल तुटताच मऊ धातू तापून वितळू लागतो, इंजिनातून ठकठक आवाज येतो आणि क्रँकशाफ्ट जाम होतो. कधी कधी कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनाला भोक पाडतो. वर्षानुवर्षे तग धरलेले इंजिन काही मिनिटांत निकामी होते. लोक म्हणतात, "कालपर्यंत तर चांगले चालत होते!" खरे म्हणजे बिघाड कालचा नव्हता. तो कित्येक महिन्यांपासून साठत आला होता.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. लाल दिवा लागला नाही म्हणजे तेल पुरेसे आहे, असे अनेकांना वाटते. बहुतेक साध्या गाड्यांत हा दिवा तेलाची पातळी दाखवत नाही. तो तेलाचा दाब दाखवतो. दाब अगदीच उतरला, की तो लागतो. त्या दिव्याची वाट पाहणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खोदणे होय. तो लागलाच, तर गाडी ताबडतोब सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद केले पाहिजे.

तेलाची पातळी पाहण्याचे साधन अगदी साधे आहे. त्याला डिपस्टिक म्हणतात. गाडी सपाट जागी उभी करावी. इंजिन बंद करून काही मिनिटे थांबावे, म्हणजे तेल खाली उतरते. डिपस्टिक बाहेर काढून फडक्याने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालावी आणि काढून पाहावी. तिच्यावर दोन खुणा असतात. तेल या दोन खुणांच्या मध्ये असले पाहिजे. वरच्या खुणेच्या पुढे तेल भरणेही योग्य नाही. क्रँकशाफ्ट ते घुसळतो, त्यात फेस होतो आणि फेसाचा थर भार पेलू शकत नाही. तेल काळे दिसले म्हणून मात्र लगेच घाबरू नये. काजळी धुऊन काढण्याचे काम ते करत आहे, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. ते कधी बदलायचे हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते.

पुस्तिकेतले हे साधे नियम पाळले, तर काय होते? अमेरिकेत अर्व्ह गॉर्डन नावाचे विज्ञानाचे शिक्षक होते. त्यांनी १९६६ साली एक लाल व्होल्वो गाडी विकत घेतली. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ते वेळच्या वेळी तेल बदलत आणि गाडीची निगा राखत. २०१३ साली त्याच गाडीने ३० लाख मैलांचा, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटरचा टप्पा गाठला. पृथ्वीला १२० फेऱ्या घालाव्यात एवढे हे अंतर! मधल्या काळात इंजिनाची मोठी दुरुस्ती करावी लागली, पण गाडी शेवटपर्यंत तीच राहिली. गॉर्डन २०१८ साली वारले. त्यांच्या गाडीचे नाव विक्रमांच्या पुस्तकात नोंदले गेले आहे.

विक्रम सर्वांनाच करायचा नसतो. पण ज्याचे घर रिक्षावर, टॅक्सीवर किंवा टेम्पोवर चालते, त्याच्यासाठी इंजिन म्हणजे रोजची भाकरी असते. एक लिटर तेलाला काही शे रुपये लागतात. जाम झालेले इंजिन खोलायचे म्हटले, तर हजारो रुपये जातात आणि गाडी उभी राहिल्यामुळे रोजची कमाईही बुडते.

विजेवर चालणाऱ्या मोटारींना इंजिनातले तेल लागत नाही. पण पेट्रोल आणि डिझेलवरची कोट्यवधी इंजिने आजही रस्त्यावर आहेत. ती मुकी आहेत. फार काळ सोसतात, तक्रार करत नाहीत. म्हणूनच ती बोलण्याआधी आपण त्यांची विचारपूस करायला हवी. त्यासाठी लागतात फक्त दोन मिनिटे आणि एक स्वच्छ फडके.

शब्दार्थ
आस – चाकांचा मधला दांडा
पाचर – फटीत ठोकायचा निमुळता तुकडा
झीज – घासल्यामुळे होणारी घट
तग धरणे – टिकून राहणे
दुष्टचक्र – एका संकटातून दुसरे संकट निर्माण होत राहणे
निगा राखणे – काळजी घेणे

स्वाध्याय
१. टॉवर यांनी ठोकलेली खुंटी बाहेर का आली?
२. तेल कमी असतानाही इंजिन काही काळ का चालते? तीन कारणे लिहा.
३. "बिघाड कालचा नव्हता," असे लेखकाने का म्हटले आहे?
४. 'तहान लागल्यावर विहीर खोदणे' या म्हणीचा अर्थ सांगून तुमच्या अनुभवातील एक उदाहरण लिहा.
५. तुमच्या वस्तीतील एखाद्या मेकॅनिकला भेटा. इंजिन खराब होण्याची कारणे विचारा आणि ती आठ-दहा ओळींत मराठीत लिहा.