स्पार्टाक : चार भावांचा संघ

१९५६ सालच्या डिसेंबरात मेलबर्न ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात भारताने युगोस्लाव्हियावर पहिला गोल चढविला, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकी वडीलधाऱ्या मंडळींनी आपल्या मुलानातवांस अनेकदा सांगितली असेल. तो गोल करणारा नेव्हिल डिसोझा हा गोमंतकीय घराण्यातला, मुंबईच्या मैदानांवर नावारूपास आलेला तरुण. त्याच्या आधीच्याच सामन्यात त्याने ऑस्ट्रेलियावर तीन गोल केले होते. पुढे युगोस्लाव्हियाने चार गोल फेडले आणि आपण चौथ्या स्थानावर राहिलो. अंतिम सामन्यात त्याच युगोस्लाव्हियाला १-० असे हरवून सोव्हिएत रशियाने सुवर्णपदक नेले.

इथपर्यंतची हकीकत पुष्कळांस ठाऊक असते. पुढची मात्र क्वचितच कोणी सांगतो. त्या अंतिम सामन्यात उतरलेल्या अकरा रशियन खेळाडूंपैकी आठ जण एकाच क्लबाचे होते. आघाडीचे पाचही गडी त्या क्लबाचे, कर्णधार इगोर नेत्तो त्या क्लबाचा, आणि विजयाचा गोल करणारा अनातोली इल्यिन हाही त्याच क्लबाचा. त्याचे नाव मॉस्कोचा स्पार्टाक. आणि ज्या माणसाने हा क्लब उभा केला, तो जेमतेम एक-दोन वर्षांपूर्वी बंदिवास आणि हद्दपारी भोगून घरी परतला होता. त्याची व त्याच्या तीन भावांची ही कथा आहे. आम्ही फुटबॉलचे जाणकार नव्हे. परंतु ही कथा कळण्यास खेळातले डावपेच ठाऊक असावे लागत नाहीत.

मॉस्कोत प्रेस्न्या नावाची कामगारांची वस्ती होती. तेथे स्तारोस्तिन कुटुंब राहत असे. वडील झारच्या काळात धनिकांच्या शिकारी मंडळाच्या पदरी शिकारीची व्यवस्था पाहत. १९२० साली टायफसच्या तापाने ते वारले आणि घराचा सारा भार थोरला मुलगा निकोलाय याच्या शिरावर येऊन पडला. अलेक्सांद्र, आंद्रेय आणि प्योत्र हे तिघे त्याच्या पाठचे. शिवाय बहिणी आणि आई. उन्हाळ्यात फुटबॉल आणि हिवाळ्यात बर्फावरची हॉकी खेळून निकोलायने संसार रेटला. खेळ हा त्यांच्या घरी करमणुकीचा विषय नव्हता, चुलीचा विषय होता.

१९२२ साली प्रेस्न्यातील तरुणांनी एक क्रीडामंडळ स्थापन केले, स्वतः खपून मैदान तयार केले आणि तिकिटे विकून खर्च भागविला. १९२६ मध्ये अन्नपदार्थ कामगारांच्या युनियनने हा संघ दत्तक घेतला. तेव्हापासून विरोधी प्रेक्षक या संघाला ‘मांस’ म्हणून चिडवू लागले. पुढे स्पार्टाकच्या चाहत्यांनी तीच शिवी बिरुदासारखी अंगावर मिरवली. १९३५ साली निकोलायने युवक कम्युनिस्ट संघटनेचा प्रमुख अलेक्सांद्र कोसारेव याच्या पाठबळाने सहकारी संस्थांच्या आश्रयाखाली नवे क्रीडामंडळ उभारले. या संस्था शिंपी, जोडे शिवणारे, न्हावी, दुकानांतले नोकर अशा लहान माणसांच्या. नाव काय ठेवावे यावर बराच खल झाला. शेवटी निकोलायची दृष्टी इटालियन लेखक जोव्हान्योली याच्या ‘स्पार्टाकस’ या कादंबरीवर गेली आणि नाव ठरले, असे त्याने पुढे आपल्या आठवणींत सांगितले आहे. स्पार्टाकस म्हणजे इ. स. पूर्व ७३ मध्ये रोमन धन्यांविरुद्ध उठलेला दास. त्याच्या पाडावानंतर रोमन सेनापतीने सहा हजार बंडखोर दासांना हमरस्त्याच्या कडेला क्रुसांवर टांगले होते. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात तो शेवट त्या वेळी होता की नाही, कोण जाणे!

स्पार्टाकचे वैशिष्ट्य कळण्यासाठी त्याचे शेजारी कोण होते ते ध्यानात घेतले पाहिजे. मॉस्कोचा डायनामो हा गुप्त पोलीस खात्याचा संघ. दुसरा मोठा संघ सैन्याचा. उरला स्पार्टाक, ज्याच्यामागे ना बंदूक ना तुरुंग. त्या काळी त्या देशात वर्तमानपत्रे सगळी सरकारी, पक्ष एकच, मतपत्रिकेवर उमेदवारही एकच. परंतु रविवारी दुपारी कोणाच्या नावाने ओरडावे हे कोणी हुकूम काढून ठरवू शकत नव्हते. कामगार, कारकून, विद्यार्थी हजारोंनी स्पार्टाकच्या नावाने ओरडत, आणि तेही पुष्कळदा पोलिसांच्याच डायनामो स्टेडियमवर बसून!

तथापि या भावांना संत ठरविण्याचा आमचा विचार नाही. निकोलाय हा व्यवहारचतुर माणूस. कोसारेवसारखे सत्ताधीश त्याने आपले म्हणून बाळगले होते. खेळाडूंना नावापुरती नोकरी दाखवून पैसा पुरविण्याची त्या काळची रीत त्याच्या संघालाही चांगली अवगत होती. त्याचे धैर्य पुढे दिसले ते खरे. पण १९३६ साली तो दरबारी माणसासारखाच वागला.

त्या वर्षीच्या जुलैमध्ये मॉस्कोच्या लाल चौकात खेळाडूंचे भव्य संचलन व्हायचे होते. स्टालिनने फुटबॉलचा सामना कधी पाहिला नव्हता. तो त्याला चौकातच दाखवावा अशी कल्पना निघाली. स्पार्टाकच्या माणसांनी रात्री जागून फेल्टच्या कापडाचा प्रचंड हिरवा गालिचा शिवला आणि ऐन वेळी तो फरसबंदीवर उलगडला. चेंडू क्रेमलिनच्या भिंतीवर किंवा नेत्यांच्या अंगावर गेला तर काय, या भयाने डायनामोने अंग काढून घेतले होते; म्हणून स्पार्टाकचेच दोन संघ एकमेकांशी खेळले. कोसारेव स्टालिनशेजारी पांढरा रुमाल घेऊन उभा होता. नेत्याला कंटाळा आला तर रुमाल हलवायचा आणि खेळ थांबवायचा, असा संकेत ठरला होता. अर्ध्या तासाचा खेळ त्रेचाळीस मिनिटे चालला, रुमाल हलला नाही. त्याच १९३६ साली त्याच चौकाच्या कोपऱ्यावरचे कझानच्या देवमातेचे मंदिर सरकारी आज्ञेने पाडण्यात आले. ते पुन्हा उभे राहण्यास १९९३ साल उजाडावे लागले.

त्याच वर्षी सोव्हिएत लीग सुरू झाली. वसंतातले पहिले अजिंक्यपद डायनामोने जिंकले आणि शरदातले स्पार्टाकने. १९३७ मध्ये स्पेनच्या यादवीत होरपळलेल्या बास्क प्रांताचा संघ रशियात आला. बास्क म्हणजे कडवे कॅथोलिक लोक. आपल्या संत फ्रान्सिस झेवियरची मायबोली हीच होती. या पाहुण्यांनी मॉस्कोच्या संघांना धूळ चारली, आणि मग स्पार्टाकने त्यांना ६-२ असे हरविले. एका वादग्रस्त पेनल्टीवरून बास्क खेळाडू फार रागावले होते, हेही सांगितले पाहिजे. १९३८ आणि १९३९ या दोन्ही वर्षी स्पार्टाकने लीग व करंडक दोन्ही पटकावले. संघ शिखरावर पोचला होता, आणि तेथेच त्याचे दैव फिरले.

१९३८ च्या अखेरीस लाव्रेन्ती बेरिया गुप्त पोलिसांचा प्रमुख झाला. हा जॉर्जियाचा, तरुणपणी स्वतः फुटबॉल खेळलेला, आणि डायनामो संघांचा कट्टर अभिमानी. कोसारेवला अटक झाली आणि १९३९ च्या फेब्रुवारीत गोळी घालण्यात आली. त्या सप्टेंबरात करंडकाच्या उपांत्य सामन्यात स्पार्टाकने जॉर्जियाच्या तिबिलिसी डायनामोला १-० असे हरविले. गोलविषयी तक्रार होती, पण ती फेटाळली गेली. स्पार्टाकने अंतिम सामनाही जिंकला, करंडक घरी नेला. आणि मग वरून आज्ञा आली की, उपांत्य सामना पुन्हा खेळा! अंतिम सामना होऊन गेल्यावर उपांत्य सामना खेळविल्याचा हा प्रकार आम्ही तरी अन्यत्र ऐकलेला नाही. स्पार्टाक पुन्हा मैदानात उतरला आणि ३-२ ने पुन्हा जिंकला. बेरिया खुर्ची लाथाडून निघून गेला, असे निकोलाय सांगतो.

१९४२ च्या मार्च महिन्यात, जर्मनांशी युद्ध चालू असता, रात्री निकोलायच्या डोळ्यांवर बॅटरीचा झोत पडला. चौघेही भाऊ पकडले गेले. स्टालिनच्या खुनाचा कट केल्याचा आरोप आधी होता. तो टिकेना, तेव्हा भांडवलशाही देशांतल्या खेळाची स्तुती केली असा ठेवण्यात आला. लुब्यांकाच्या तुरुंगात दीड वर्षाहून अधिक काळ झडत्या-जबान्या झाल्या आणि प्रत्येकाला दहा वर्षे श्रमछावणीची शिक्षा मिळाली. आंद्रेय उत्तर ध्रुववृत्तापलीकडच्या नोरिल्स्कला गेला. निकोलाय आधी उख्ताला, मग पार पूर्वेला आमूर नदीकाठी.

येथे एक विलक्षण गोष्ट घडली. ज्या खात्याने त्यांना गजाआड घातले, त्याच खात्याचे छावणी-अधिकारी आपापल्या गावच्या डायनामो संघांसाठी शिक्षक शोधत होते. निकोलाय स्तारोस्तिन आपल्या छावणीत आहे म्हटल्यावर त्यांस हर्ष झाला! लाखो कैदी भूक नि थंडी यांना बळी पडत असता फुटबॉलने या माणसाला जगविले. निर्ढावलेले गुन्हेगारही त्याच्या तोंडून सामन्यांच्या गोष्टी ऐकताना लहान मुलांसारखे गप्प बसत, असे त्याने लिहिले आहे.

१९४८ मध्ये स्टालिनचा मुलगा व्हासिली याने त्याला विमानाने मॉस्कोस आणविले. व्हासिलीला आपला वायुसेनेचा संघ अजिंक्य करावयाचा होता. बेरियाच्या माणसांनी मॉस्को सोडण्याचा हुकूम बजावला. तेव्हा व्हासिलीने त्याला आपल्या घरी, आपल्याच पलंगावर, उशाखाली पिस्तूल ठेवून झोपविले. पण बायकोमुलांची भेट घेण्याच्या ओढीने निकोलाय एका रात्री खिडकीतून बाहेर पडला, आणि पहाटे स्वतःच्या घरी पकडला गेला. पुन्हा हद्दपारी, शेवटी कझाकस्तानात. १९५३ मध्ये स्टालिन मेला, वर्षअखेरीस बेरियाला देहान्त शासन झाले, आणि त्यानंतर चौघे भाऊ निर्दोष ठरून परतले. चौघेही जिवंत! त्या काळच्या रशियात अशी घरे फार नव्हती.

मागे राहिलेल्यांनी क्लब जगविला होता. १९५२ व १९५३ ची अजिंक्यपदे स्पार्टाकचीच होती. १९५५ पासून निकोलाय पुन्हा कारभारी झाला आणि मधली एक-दोन वर्षे वगळता १९९२ पर्यंत राहिला. मेलबर्नचा विजय या परतीच्या दिवसांतला. तेथे पदके केवळ अंतिम सामना खेळलेल्यांना मिळाली. आधीचे सामने खेळलेल्या पण शेवटी वगळल्या गेलेल्या एदुआर्द स्त्रेल्त्सोव या दुसऱ्या क्लबाच्या तरुणाला स्पार्टाकच्या निकिता सिमोन्यानने आपले पदक देऊ केले. त्याने ते घेतले नाही. १९६२ च्या विश्वचषकात उरुग्वेविरुद्ध रशियाचा एक गोल पंचाने मान्य केला असता कर्णधार नेत्तोने स्वतः पंचाला सांगितले की, चेंडू जाळीच्या बाजूच्या भोकातून आत गेला आहे. गोल रद्द झाला. रशिया तरीही २-१ ने जिंकला. पण नेत्तो बोलला तेव्हा निकाल कोणाला ठाऊक होता?

पुढची वर्षे आम्ही झरझर ओलांडतो. १९७६ मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. त्याला वर काढण्यासाठी आणला गेला कॉन्स्तान्तिन बेस्कोव, जो ऐन तारुण्यात डायनामोचा गाजलेला खेळाडू होता! १९७९ मध्ये स्पार्टाक पुन्हा अजिंक्य ठरला.

२० ऑक्टोबर १९८२ च्या संध्याकाळपाशी मात्र थांबले पाहिजे. मॉस्कोच्या लुझनिकी स्टेडियममध्ये हॉलंडच्या हार्लेम संघाशी सामना होता. कडाक्याची थंडी, पायऱ्यांवर बर्फ. प्रेक्षक थोडे, म्हणून त्यांतले बहुतेक एकाच बाजूच्या सज्जात बसविलेले. शेवटच्या क्षणांत लोक जिन्याने उतरू लागले असता स्पार्टाकच्या सेर्गेय श्वेत्सोवने दुसरा गोल केला. जिन्यावर कोणी पडले, मागचे पुढच्यांवर कोसळले. सरकारी आकड्याप्रमाणे सहासष्ट जण चेंगरून मेले, आणि त्यांत बहुतेक पोरसवदा मुले होती. दुसऱ्या दिवशी एका सायंदैनिकात काही दुर्घटना झाल्याच्या दोन-तीन ओळी आल्या, बस्स. आईबापांना मुलांची प्रेते अंत्यविधीसाठी मिळण्यास सुमारे दोन आठवडे लागले. सात वर्षे देशाला ही गोष्ट मोकळेपणाने सांगितली गेली नाही. १९८९ मध्ये एका क्रीडापत्राने ती उघड केली. आपण तो गोल केलाच नसता तर बरे झाले असते, असे श्वेत्सोव पुढे बोलून दाखवी. मुलांचे स्मारक १९९२ मध्ये उभे राहिले. २००७ साली, पंचवीस वर्षांनंतर, स्पार्टाक आणि हार्लेमचे निवृत्त खेळाडू त्याच लुझनिकीवर पुन्हा एकमेकांशी खेळले.

सोव्हिएत राज्य मोडल्यावर ओलेग रोमान्त्सेवच्या हाताखाली स्पार्टाकने रशियाच्या पहिल्या दहा लीग स्पर्धांपैकी नऊ जिंकल्या. मग तेलाच्या पैशाचे दिवस आले. २००१ नंतरचे अजिंक्यपद मिळण्यास २०१७ साल लागले, आणि २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर युरोपच्या स्पर्धांतून रशियाच्या इतर संघांबरोबर स्पार्टाकही बाहेर काढला गेला. निकोलाय हे पाहण्यास नव्हता. तिन्ही धाकट्या भावांना पोचवून तो १९९६ च्या फेब्रुवारीत, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी वारला.

प्रेस्न्याच्या त्या मैदानानंतर कित्येक दशके हा क्लब दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळत राहिला. २०१४ साली तुशिनोच्या जुन्या विमानतळाच्या जागेवर त्याचे स्वतःचे स्टेडियम झाले. बाहेर स्पार्टाकसचा उत्तुंग पुतळा आहे. आत, जेथून खेळ दिसतो अशा ठिकाणी, चौघे भाऊ एकत्र बसविले आहेत.