मेंदूतला ठेका आणि एक जादा अक्षर

नागपूरकडून अमरावतीला येताना तिवसा मागे पडलं की गुरुकुंज मोझरी लागतं. तुकडोजी महाराजांनी 1935 साली इथे आश्रम उभारला. भजन सुरू झालं की खंजिरीचा पहिला ठोका पडतो, दुसरा पडतो, आणि तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला आपली टाळी आपल्याही नकळत त्यात जाऊन मिळते. शेकडो हात एकाच क्षणी जवळ येतात, एकाच क्षणी दूर होतात. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना अंगावर येणारा काटा ठाऊक आहे.

मेंदूत नेमकं हेच घडलं, की लेकराला झटका येतो.

झटका म्हणजे मेंदू बंद पडला किंवा थकला, असं आपण धरून चालतो. खरं उलटं आहे. आपल्या डोक्यात सुमारे 8,600 कोटी चेतापेशी आहेत आणि त्यांचं आरोग्य त्यांच्या गजबजाटात आहे. एक बोलतेय, दुसरी ऐकतेय, तिसरी भलत्याच कामात आहे, असा आठवडी बाजार तिथे अखंड भरलेला असतो. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी 1924 साली माणसाच्या डोक्यावर तारा लावून या बाजाराचा विद्युत आवाज पहिल्यांदा कागदावर उतरवला. आज आपण त्याला ईईजी म्हणतो. जाग्या, निरोगी मेंदूचा ईईजी पाहिला तर बारीक, वेड्यावाकड्या रेघा दिसतात, त्यात सगळ्यांचा मिळून एकच ठेका असा सापडत नाही. झटका सुरू झाला की त्याच रेघा उंच होतात, सारख्या होतात, एकामागे एक शिस्तीत चालू लागतात. लाखो पेशी एकाच ठेक्यावर टाळी देत असतात. कागदावर ते चित्र सुबक दिसतं. त्या सुबकपणात एक लेकरू भान हरपून पडलेलं असतं.

आपल्याकडे त्याला कुणी झटके म्हणतं, कुणी फिट, कुणी मिरगी. आयुर्वेदात नाव आहे अपस्मार, म्हणजे स्मृतीचं निघून जाणं. चरकांनी त्याचे चार प्रकार सांगितले आणि ते रोगांत मोजले. गावात मात्र पहिला प्रश्न येतो, ‘पोराले बाहेरचं तं नाई झालं?’ मग कांदा हुंगवतात, वहाण नाकाशी धरतात, आणि ते सगळं झालं की नजरा आईकडे वळतात. ग्रहणात काय चिरलं, अमावास्येला कुठे गेली होतीस. माझ्या मते झटक्याइतकीच दुखापत ही नजर करते. या नजरेला सगळ्यात ठोस उत्तर गेल्या पंचवीस वर्षांत जनुकांच्या अभ्यासाने दिलं आहे.

शार्लोट द्रावे या फ्रेंच डॉक्टरांनी 1978 साली काही बाळांचं वर्णन केलं. बाळ जन्मतः अगदी छान. पहिल्या वर्षातच कधीतरी ताप येतो आणि झटका येतो, तोही लांबलेला, पुष्कळदा शरीराच्या एकाच बाजूला. मग ते परत परत येतात, कधी गरम पाण्याने आंघोळ घातल्यावरसुद्धा. दुसऱ्या वर्षापासून बोलणं-चालणं मागे पडू लागतं. (इथे एक सांगायलाच हवं. तापात एखादा झटका पुष्कळ मुलांना येतो, आणि बहुतेकांचा पाच-सहा वर्षांचं होईतो थांबतो. द्रावेंचा आजार पंधरा-वीस हजारांत एखाद्याला होतो.) कारण सापडलं 2001 साली, बेल्जियममध्ये. दोन नंबरच्या गुणसूत्रावर एससीएन1ए नावाचं जनुक आहे, त्यात बिघाड होता.

हे जनुक चेतापेशीच्या भिंतीतलं एक दार बनवतं. ते दार सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं उघडतं, सोडियमचे कण आत घुसतात, पेशी ठोका देते आणि दार मिटतं. आता जिचं दार अर्धवट आहे, त्या पेशीने ठोका कमी द्यायला हवा. मग झटके वाढतात कसे? हे कोडं 2006 साली अमेरिकेत उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून सुटलं. या दाराची सर्वांत जास्त गरज ज्या पेशींना लागते, त्या मुळात इतरांना आवरणाऱ्या पेशी आहेत. खंजिरी वाजत असताना कातड्यावर बोट टेकलं की नाद थांबतो. मेंदूतही असं बोट टेकवणाऱ्या पेशी असतात. द्रावेंच्या आजारात वाजवणाऱ्याचं काहीच बिघडलेलं नसतं, ते बोट लुळं पडलेलं असतं.

आणि इथेच अभ्यास थेट औषधाच्या बाटलीपर्यंत येतो. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन ही फिटवरची नेहमीची, कितीतरी मुलांना आधार देणारी औषधं सोडियमचं दारच आणखी आवळतात. द्रावेंच्या मुलांना ती दिली की लुळं बोट आणखी लुळं होतं आणि झटके वाढू शकतात. जनुकाचं नाव कळलं की औषध बदलतं. (म्हणून कुणी हे वाचून चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. अचानक बंद केलेलं औषध स्वतःच झटका आणतं.)

2006 सालीच ऑस्ट्रेलियातल्या सॅम्युएल बर्कोविक यांच्या गटाने 14 रुग्ण तपासले. ‘लस टोचली आणि मेंदू बिघडला’ असं या सगळ्यांच्या बाबतीत मानलं गेलं होतं. त्यांपैकी 11 जणांत एससीएन1ए बिघडलेलं निघालं. लसीने ताप आला, तापाने झटका लवकर दिसला, पण मूळ आधीपासून आत होतं. या आजारात हा बिघाड बहुतेक वेळा आईकडूनही आलेला नसतो आणि वडिलांकडूनही नाही. जनुकाची अक्षरं उतरवताना नवीनच झालेली ती चूक असते. लस देण्यासाठी बाळाला स्वतः घेऊन गेलेल्या आईने किती वर्षं स्वतःला दोष दिला असेल, याचा विचार करा.

आता आपल्या घराजवळची गोष्ट. 1990च्या दशकात मुंबईत बॉम्बे हॉस्पिटलचे डॉ. भीमसेन सिंघल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विलक्षण साम्य टिपलं. बाळाचं डोकं पहिल्याच वर्षात झपाट्याने मोठं होतं, चालणं उशिरा येतं, पुढे तोल जाऊ लागतो, झटके येतात. एमआरआय काढला तर मेंदूचा पांढरा भाग सगळा पाण्याने फुगलेला. ते चित्र पाहिलेल्या डॉक्टरला वाटावं की हे मूल अंथरुणाला खिळलेलं असणार, आणि ते मूल समोर बसून गप्पा मारत असतं. अशी मुलं फिरून फिरून एकाच समाजातली निघत होती, अग्रवाल समाजातली. कापसाच्या बाजारासोबत अकोला, खामगाव, अमरावतीत आलेली आणि इथलीच होऊन गेलेली अग्रवाल घरं आपल्या ओळखीची आहेत. नेदरलँड्सच्या मार्यो व्हान डर क्नाप यांनी याच आजाराचं वर्णन 1995 साली केलं, 2001 साली त्याचं जनुक सापडलं. त्याचं नाव एमएलसी1. मेंदूतलं पाणी आणि क्षार यांचा हिशेब ठेवणारं प्रथिन ते बनवतं. लवकरच कळलं की अग्रवाल मुलांमध्ये बिघाड तंतोतंत एकच आहे, एक जादा अक्षर.

एका अक्षराने काय होतं ते पाहायचं असेल तर पेशी वाचते तसं वाचून पाहा. पेशी जनुकाची अक्षरं तीन-तीनच्या गटाने वाचते, मध्ये जागा सोडत नाही. समजा मजकूर आहे: बबन गवत उचल परत सरक. यात ‘बबन’नंतर एक ‘क’ घुसला, तर वाचन होतं: बबन कगव तउच लपर तसर क. पहिला शब्द शाबूत, पुढचं सगळं निरर्थक. एमएलसी1मध्ये ते जादा अक्षर 135व्या जागेनंतर येतं. तीनने भागलं तर 45 शब्द बरोबर वाचले जातात, 46व्यापासून मजकूर कोसळतो आणि थोड्याच अंतरावर वाचन थांबतं. प्रथिन पूर्ण व्हायला 377 शब्द लागतात. माणसाच्या सुमारे 300 कोटी अक्षरांमधलं हे एक.

इतक्या घरांत तीच चूक त्याच जागी, म्हणजे ती एका पूर्वजाकडून आलेली. तो कोण, कुठला, हे कुणी सांगू शकणार नाही. त्याला स्वतःला काहीच त्रास नव्हता, कारण प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात आणि एक धड असली की काम भागतं. आई-वडील दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत असेल, तरच प्रत्येक बाळंतपणात चारात एक धोका. अग्रवालांत साडेसतरा गोत्रं, सगोत्र लग्न वर्ज्य. नियम शहाणपणाचा, जवळचं रक्त टाळणारा. पण समाजाबाहेर सोयरीक होत नसेल, तर शेकडो वर्षांपूर्वीच्या पूर्वजाचं अक्षर गोत्रांची कुंपणं ओलांडून दोन्हीकडून येऊन भेटतं.

हे वाचून कुणी बोट दाखवू नये, कारण बोट सगळ्यांकडेच वळतं. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे के. थंगराज आणि अमेरिकेतले डेव्हिड राइश यांच्या गटाने 2017 साली दक्षिण आशियातले 260हून अधिक समाज तपासले. त्यांतल्या 81 समाजांवर अशा मोजक्या पूर्वजांची छाप फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही ठळक निघाली, आणि त्यांतले 14 समाज दहा लाखांहून मोठे आहेत. जातीतच सोयरीक करणाऱ्या आपल्या प्रत्येकाच्या घरात अशी एखादी न वाचलेली ओळ असणार. ज्यूंनी ती वाचली. टे-सॅक्स नावाचा मुलांचा मेंदू खाणारा आजार त्यांच्यात होता. 1971पासून अमेरिकेत रक्ततपासणी सुरू झाली आणि त्या समाजात असं मूल जन्मण्याचं प्रमाण नव्वद टक्क्यांहून जास्त घटलं. आपण छत्तीस गुण जुळवतो. त्यांच्यातले काही कर्मठ समाज सोयरीक ठरण्याआधी ही अक्षरं जुळवून पाहतात.

ग्रामगीता लिहिणाऱ्या महाराजांनी अंगात येणं, नवस, भानामती यांविरुद्ध आयुष्यभर गावोगाव खंजिरी वाजवली. त्यांच्या आश्रमाजवळ राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. लेकराला झटका आला तर त्याला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ पाहा. पाच मिनिटं उलटली तर गाडी काढा. कुणीतरी मोबाइलवर तो झटका टिपून ठेवावा, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. पहिल्या वर्षात तापातले लांब झटके पुन्हा पुन्हा आले, किंवा बाळाचं डोकं वेगाने वाढू लागलं, तर जनुक चाचणीबद्दल विचारा. दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात मुंबईचं केईएम हे नेमलेलं केंद्र आहे आणि धोरणात बसणाऱ्या आजारांना 50 लाखांपर्यंत मदत मिळू शकते. आणि त्या लेकराच्या आईला कुणी काही विचारत असेल, तर तिच्या बाजूला जाऊन बसा.