वणीत वॉटर पार्क? आधी पाण्याचा हिशेब, मग फ्लेक्स

विदर्भात रस्त्याला लागून चार-पाच एकर जमीन असलेल्या माणसाला पूर्वी दोन मोह व्हायचे, पेट्रोल पंपाचा आणि मंगल कार्यालयाचा. आता तिसरा होतो, वॉटर पार्कचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीच्या आसपास तर तो होणारच. मे महिन्यात शेजारच्या चंद्रपूरचा पारा 46-47 अंशांवर जातो, गावाकडच्या निर्गुडा नदीत पाण्यापेक्षा वाळू जास्त दिसते, आणि मामाकडे आलेल्या पोरांना न्यायचे कुठे म्हटले की गाडी थेट नागपूरकडे वळते. एवढी गर्दी नागपूरला जाते तर वणीला का थांबू नये, हा प्रश्न चुकीचा नाही. चुकतो तो क्रम. आपल्याकडे आधी उद्घाटनाचा फ्लेक्स ठरतो, मग घसरगुंड्या, आणि पाणी कुठून आणायचे हे शेवटी.

त्यामुळे सुरुवात पाण्यापासून करू. वॉटर पार्कमधले कृत्रिम लाटांचे कुंड ही कल्पना तशी जुनी आहे. बुडापेस्टच्या गेलर्ट स्नानगृहात ते 1927 सालीच होते. अमेरिकेत ऑरलँडोला 1977 मध्ये ‘वेट अँड वाइल्ड’ सुरू झाले आणि वॉटर पार्क हा स्वतंत्र धंदा झाला. मुंबईत गोराईला 1989 मध्ये एस्सेल वर्ल्ड आले, 1998 मध्ये वॉटर किंगडम. पण ती मुंबई. तिथला पाऊस वेगळा, हवेतली ओल वेगळी.

वणीसाठी एक मध्यम आकाराचा पार्क धरू. सगळे हौद मिळून उघडा पृष्ठभाग 2,000 चौरस मीटर, सरासरी खोली 1 मीटर. एकदा भरायला 20 लाख लिटर पाणी लागेल, म्हणजे 10,000 लिटरचे 200 टँकर. हे पाणी रोज बदलत नाहीत. पंप ते ओढतो, वाळूच्या फिल्टरमधून गाळतो, क्लोरीन मिसळतो आणि परत हौदात सोडतो. म्हणून मालक छातीठोकपणे सांगतात, ‘आमचं पाणी वाया जात नाही.’ अर्धेच खरे आहे. मेच्या उन्हात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला साधारण 1 सेंटिमीटर उतरते. 2,000 चौरस मीटरवर हे रोजचे 20,000 लिटर झाले, दोन टँकर नुसते हवेत. अंगावरून, कपड्यांतून, हौदाच्या कडेवरून जाते ते वेगळे. फिल्टर उलटे धुताना जाते ते वेगळे. शॉवर, संडास, स्वयंपाकघर वेगळे. रोज चार-पाच टँकरांची तजवीज नसेल तर पार्क मे महिन्यातच लटकतो, आणि कमाईचा महिना तोच.

बाजारगावची गोष्ट इथे आठवायला हवी. नागपूर-अमरावती रस्त्यावरच्या या गावाच्या हद्दीत वॉटर पार्क उभा राहिला, कृत्रिम बर्फाच्या ‘स्नोडोम’सह. 2005 साली पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त त्यावर लिहिले: कुंपणाच्या आत पाण्याचे खेळ, बाहेर गावात नळाला रोज पाणी नाही. पार्क बेकायदा होता असा मुद्दाच नव्हता. पण त्या लेखाने विदर्भात वॉटर पार्क म्हटले की पहिला प्रश्न कोणता विचारायचा, हे ठरवून टाकले. पुढे 2016 मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले आणि त्याच उन्हाळ्यात मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला लावले, तेव्हा तोच प्रश्न क्रिकेटच्या मैदानांना विचारला गेला. वणीतला मालक यातून सुटणार नाही, आणि सुटूही नये.

वणीकडे मात्र एक गोष्ट आहे जी बाजारगावकडे नव्हती: खाणीचे पाणी. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या (वेकोलि) उघड्या कोळसा खाणी चालू ठेवायच्या तर त्यातले पाणी सतत उपसावे लागते. कंपनीने नागपूर जिल्ह्यात पाटणसावंगीला खाणीचे पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ नावाने बाटलीत भरूनही दाखवले. म्हणजे हे पाणी वापरण्याजोगे करता येते. फक्त ते तसेच हौदात सोडता येत नाही. क्षारांनी जड असते, लोह असू शकते, तरंगता गाळ असतोच. मऊ केले नाही तर दोन हंगामांत पाइपांत क्षारांचे थर बसतात. दुसरी अडचण माणसांची आहे. खाणींमुळे आपल्या विहिरी आटल्या, असे खाणीलगतची गावे वर्षानुवर्षे सांगत आहेत. त्याच खाणीचे पाणी पार्कला गेले आणि गावाला मिळाले नाही, तर पहिला मोर्चा फाटकावर येईल. करार तिघांचा हवा, कंपनी, ग्रामपंचायत आणि पार्क. पहिली तोटी गावाची. बोअरवेलचा मार्ग सोपा वाटतो, पण यवतमाळ जिल्ह्याच्या या टापूत भूजलात फ्लोराइड ही जुनी तक्रार आहे, आणि खोल बोअर मारून शेजारच्या शेताचा ओलावा ओढणे हा धंदा नव्हे.

जागा निवडताना अजून एक गोष्ट नागपूर-पुण्याचा सल्लागार हमखास विसरतो: कोळशाची धूळ. वणीतल्या लालपुलियाच्या बाजूने एकदा दुपारी दुचाकीवरून या आणि पांढरा रुमाल चेहऱ्यावरून फिरवा. कोळसा वाहतुकीच्या रस्त्यालगत कापसाची बोंडे काळवंडतात, तिथे निळ्याशार हौदाचे काय होईल? फिल्टर दिवसातून दोनदा धुवावे लागतील, म्हणजे पुन्हा पाणी. डेपो, सायडिंग आणि ट्रकांच्या रस्त्यांपासून लांब, उन्हाळी वारा जिकडून येतो त्या बाजूची जमीन महाग मिळाली तरी स्वस्तच पडेल.

आता गिऱ्हाईक. वणी हे कापसाचे गाव, पण कापसाचा पैसा दिवाळीपासून संक्रांतीपुढे दोन महिने खेळतो. मेमध्ये शेतकऱ्याच्या घरी चर्चा बियाण्याची आणि पीककर्जाची असते. म्हणजे खिसा गरम तेव्हा हवा थंड, आणि हवा तापते तेव्हा खिसा रिकामा. मार्च ते जूनचा भार उचलतील ती पगारदार कुटुंबे: वेकोलिच्या वसाहती, घुग्घुस, मुकुटबन, गडचांदूरचे सिमेंट कारखाने, भद्रावती-वरोऱ्याचे नोकरदार, शिक्षक. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, हा इथला फायदा. तरी होळीपासून शाळा उघडेपर्यंत जेमतेम शंभर दिवस आणि त्यात रविवार पंधराच्या आसपास. शाळांच्या सहली हिवाळ्यात निघतात, तेव्हा सकाळी हौदात पाय घालवत नाही. हिवाळ्यात हुरडा पार्टी, सायकली, दोऱ्यांचे खेळ असे कोरडे काहीतरी नसेल तर आठ महिने नुसते चौकीदाराचे पगार.

चौघांचे कुटुंब खिडकीवर येते तेव्हा काय होते, ते पाहा. प्रत्येकी 400 रुपये तिकीट धरले तर 1,600. त्यातले 244 रुपये जीएसटीचे; 2018 पर्यंत हा कर 28 टक्के होता, मग 18 झाला. आत गेल्यावर नायलॉनचा पोशाख भाड्याने, लॉकर भाड्याने, त्यावर अनामत, आणि डबा फाटकावरच जमा. इथे घरातल्या बाईचा चेहरा उतरतो आणि पुढच्या वर्षी कुटुंब येत नाही. सुती कपड्यांवर बंदी योग्य आहे, धागे सुटून फिल्टरमध्ये अडकतात. पण ते कारण पाटीवर लिहा. अंगभर पोशाख सर्व मापांत ठेवा. पाण्यात न उतरणाऱ्या आजी-काकूंसाठी तिकीट कमी ठेवा आणि घनदाट सावली द्या. डबा आत जाऊ द्या. सणावाराला पुरणपोळी-वडा-भात बांधून आणणाऱ्या घराला 80 रुपयांचा समोसा विकण्याचा ज्याने शोध लावला, त्याने एका दिवसाचा नफा पाहिला.

वेळापत्रकही इथल्या उन्हाचे हवे. दुपारी बारा ते चार फरशीवर पाय ठेववत नाही. सकाळी आठ ते बारा आणि संध्याकाळी चार ते नऊ असे दोन भाग केले तर तिकीटही अर्धे ठेवता येते. उन्हात क्लोरीन भराभर उडते, म्हणून त्याची मोजणी दिवसातून एकदा करून भागत नाही. क्लोरीन लिटरमागे 1 ते 3 मिलिग्रॅम आणि सामू (पीएच) 7.2 ते 7.8 या टप्प्यात असायला हवा. कोमट, बिनक्लोरीनच्या पाण्यात वाढणाऱ्या आणि नाकातून मेंदूत जाणाऱ्या अमिबाने केरळमध्ये बळी घेतले आहेत. घसरगुंडी किती उंच, यापेक्षा क्लोरीनचा आकडा महत्त्वाचा.

आणि जाहिरात? भोंगा लावलेली रिक्षा, बाजाराच्या दिवसाचा फ्लेक्स, रील, व्हॉट्सॲप ग्रुप, हे सगळे होईलच. पण वणीत खरी जाहिरात दोन पाट्यांची होईल. एक फाटकावर: आज पाणी किती घेतले, कुठून घेतले, गावाला किती दिले, क्लोरीन किती, तपासले कधी. दुसरी शाळांत: एप्रिलमध्ये सकाळी पोहण्याचे वर्ग, अल्प फीमध्ये, प्रशिक्षित जीवरक्षकांकडून. दर उन्हाळ्यात वर्धा-पैनगंगेच्या डोहांत आणि खाणींच्या पाणी साचलेल्या खड्ड्यांत पोरे बुडाल्याच्या बातम्या येतात. ज्या पार्कने गावातल्या शंभर पोरांना पोहायला शिकवले, त्याच्याविरुद्ध ग्रामसभेत ठराव करणे अवघड जाईल. हा हिशेब स्वार्थाचाही आहे, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

परवान्यांची यादी लांब आहे: अकृषिक परवानगी, ग्रामपंचायतीची ना हरकत, पोलीस, अग्निशमन, खाद्य परवाना. दलाल ती करून देतो. जे दलाल करून देत नाही ते एवढेच: पाण्याची चाचणी. तेव्हा मनात पार्क असेल त्यांनी ती मेच्या शेवटच्या आठवड्यात, सलग बहात्तर तास पंप चालवून आणि शेजाऱ्यांच्या विहिरींची पातळी त्याच वेळी मोजून घ्यावी. दिवाळीत भरलेल्या विहिरीकडे पाहून कर्ज काढू नये.