पाटा शेवटचा कोणत्या बाजूला वाकवला?

ट्रकचा पाटा तुटला की बोल लागतो ओव्हरलोडला, आणि बहुतेक वेळा तो खराही असतो. पण एकाच पोलादाचे, एकाच मापाचे दोन पाटे सारख्याच भाराखाली चालवले, तरी त्यातला एक दुसऱ्याच्या कितीतरी आधी तुटू शकतो. आकार देताना धातूच्या आत राहून गेलेले ताण त्याला कारण असतात.

वारंवार भार पडत राहिला तर धातू आपल्या ताकदीपेक्षा बऱ्याच कमी भारालाही तुटतो, हे ऑगस्ट व्योलर या जर्मन अभियंत्याने १९व्या शतकातच रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवलं होतं. चीर बहुधा पृष्ठभागावर पडते आणि ताणाखाली वाढते. दाबाखाली तिचं तोंड मिटलेलं राहतं.

गाडीखालचा पाटा मधे खाली झुकलेला असतो. भार आला की तो सरळ होऊ पाहतो आणि त्याची वरची बाजू ताणली जाते. म्हणून स्प्रिंग बनवणारे पाट्याला मुद्दाम जास्त बाक देतात आणि मग नेहमीच्या भारापेक्षा जास्त जोराने तो एकदा दाबतात. वरचा थर कायमचा किंचित लांबतो. जोर काढल्यावर आतलं पोलाद मागे यायला बघतं आणि लांबलेल्या थराला दाबून धरतं. पुढे रस्त्यावरच्या प्रत्येक धक्क्याला आधी हा दाब फेडावा लागतो. ताण सुरू होतो तो त्यानंतर. या प्रक्रियेला स्क्रॅगिंग असं धसमुसळं नाव आहे.

त्याच बाजूवर पोलादी गोळ्यांचा मारा करतात, ते शॉट पीनिंग. त्याने दाबाचा थर तयार होतो, तोही मिलिमीटरच्या काही दशांशांचाच. मारा पुरेसा झाला की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. जनरल मोटर्सच्या जॉन आल्मेन यांनी त्यावर फार सुटसुटीत तोड काढली: पातळ पोलादी पट्टी ठोकळ्यावर स्क्रूने आवळून माऱ्यात धरायची. सोडवली की ती माऱ्याच्या बाजूला फुगते. तो फुगवटा मोजायचा.

खरी गोम आहे बसलेल्या पाट्याची. तो थंडच उलट वाकवून बाक परत आणला, तर वरचा थर आखूड होतो आणि जोर काढल्यावर ताणलेलाच अडकून पडतो. बाक नव्यासारखा दिसतो, पण चीर पडायच्या जागी भार येण्याआधीच ताण बसलेला असतो. गॅसने लाल करून वाकवला, तर हा ताण जातो खरा. पण पीनिंगचा दाबही जातो आणि पोलादाचं पाणीही उतरतं.